पंपातलं पाणी

“हात लावू नकोस! औषध मारलंय!” माळी लांबूनच ओरडला.

म्हातारीने मानही वर केली नाही. कारखान्याच्या मागच्या फाटकालगत माजलेल्या चाकवताचे शेंडे ती सावकाश खुडत होती, आपल्याच परसात असल्यासारखी. पिशवी भरत आली होती. फाटकाबाहेर खांबाला बांधलेली तिची शेळी भुकेने ओरडत होती.

“मागच्या महिन्यातही मारलं होतंस की,” म्हातारी म्हणाली. “तुझं औषध खाऊनच तर ही तब्येत झालीय माझी.”

दोघांमधून विस्तव जात नव्हता. ती आत दिसली की साहेबांची बोलणी माळ्याला खावी लागत. म्हणून त्याने युक्ती काढली होती. पंपात नळाचं साधं पाणी भरायचं, तोंडाला फडकं बांधायचं आणि तिच्या देखत फवारत सुटायचं. पहिल्यांदा ती घाबरून पळाली. दुसऱ्यांदा तिने त्याच्यासमोर ओलं पान तोंडात टाकलं, चावून गिळलं आणि हसली.

पण आज सकाळी साहेबांनी स्वतः उभं राहून डबा फोडायला लावला होता. खरा डबा, कवटीचं चित्र असलेला. दोनदा साबण लावूनही माळ्याच्या हातांचा वास गेला नव्हता.

“या वेळी खरंच आहे, आजी.”

आजवर त्याने तिला ‘ए म्हातारे’शिवाय हाक मारली नव्हती. तिला त्यातच लबाडी दिसली.

“आज एकदम आजी झाले होय!” म्हणत तिने एक शेंडा खुडला आणि तोंडाकडे नेला.

माळ्याने धावत जाऊन तिच्या हातावर फटका मारला, पिशवी हिसकली आणि फाटकाबाहेर भिरकावली. पाला रस्ताभर झाला. म्हातारी गुडघ्यांवर आपटली.

“मारलं! मूठभर पाल्यासाठी मारलं मला!”

सकाळची पाळी नुकतीच सुटली होती. कामगार धावत आले. एका फिटरने माळ्याची गचांडी धरली.

“म्हाताऱ्या बाईवर हात टाकतोस? लाज नाही वाटत?”

“अरे, विष आहे ते! मी आजच फवारलंय!”

“तुझ्या पंपात काय असतं ते आम्हाला नको सांगूस,” फिटर म्हणाला आणि सगळे हसले. पाण्याची ती गंमत माळ्यानेच कँटीनमध्ये रंगवून रंगवून सांगितली होती.

बाकीचे रस्त्यावर उकिडवे बसून पानन् पान वेचू लागले. पॅकिंगमधल्या बाईने एकेक शेंडा फुंकून धूळ उडवली, पिशवी भरली आणि म्हातारीच्या हाती दिली.

“जा आजी, घरी जाऊन पोटभर खा.”

“खाऊ नका हो!” माळी कळवळून ओरडला. गचांडी आणखी आवळली गेली.

शेळीला तेवढा धीर नव्हता. दोर ताणून ती पुढ्यात पडलेला पाला केव्हापासून खात होती. फिटरने माळ्याचं तोंड धरून तिच्याकडे वळवलं.

“ते बघ. मुक्या जनावराला विष कळत नाही होय?”