हक्काची चूक

“...आणि मी एंटर दाबलं,” विवेक म्हणाला. “अकरा हजार तिकिटं गेली.”

रेणूचं पेन थांबलं.

प्रश्न तिनेच विचारला होता: हातून घडलेली सगळ्यात मोठी चूक सांगा. या प्रश्नाला उमेदवार बहुधा गुळगुळीत उत्तरं देतात. मी कामात फार गुंततो, मला नाही म्हणता येत नाही. पाच वर्षांपूर्वी याच इमारतीत, टेबलाच्या पलीकडे बसून, रेणूनेही असंच काहीतरी सांगितलं होतं. विवेकची चूक मात्र खरीखुरी होती. बसची तिकिटं विकणारी छोटी कंपनी. दसऱ्याच्या आधीचा आठवडा, निम्मं हैदराबाद गावी निघालेलं. चाचणीसाठी बनवलेली खोटी तिकिटं पुसायची होती, पुसली गेली ती खरी.

“स्क्रीनवर चाचणीची आणि खरी, दोन्ही खिडक्या काळ्याच होत्या,” तो म्हणाला. “मी रंग पाहिला, नाव पाहिलं नाही.”

हे वाक्य रेणूचं होतं. शब्दन् शब्द. सहा वर्षांपूर्वी तिने ते त्याच कंपनीच्या अहवालात लिहिलं होतं. चूक कशी झाली ते लिहायचं, कुणी केली ते नाही, अशी या धंद्यात रीत आहे. त्या रीतीच्या आडोशाने ती संध्याकाळी नल्लकुंट्याला घरी गेली, वरणभात जेवली आणि आजतागायत कंपनीबाहेर कुणाला काही बोलली नाही. पुढे तिने नोकरी बदलली. अहवाल तिथेच राहिला. आणि बायोडेटा सांगत होता की विवेक तीन वर्षं तिथेच होता.

कोपऱ्यात प्रमोद बसले होते, तिचे वरिष्ठ. त्यांना विवेकशी काही घेणंदेणं नव्हतं. रेणू मुलाखत कशी घेते, ते पाहायला ते आले होते. दोन वर्षं रखडलेल्या तिच्या बढतीची बैठक शुक्रवारी होती. तीत तिच्या बाजूने बोलणारे तेच. आत्ता ते मान खाली घालून काही टिपत होते.

गप्प राहणं सोपं होतं. विवेकला कमी गुण द्यायचे आणि मोकळं व्हायचं. पण गुणांपुढे कारण लिहावं लागतं, आणि कारण एकच होतं. नाहीतर पूर्ण गुण द्यायचे, प्रामाणिकपणाचे.

“शेजारची मुलगी तर रडायलाच लागली,” विवेक आता रंगात आला होता. “आधी तिला पाणी दिलं. मग शांतपणे सगळी तिकिटं परत आणली.”

त्या दिवशी रेणूला कुणीही पाणी दिलं नव्हतं.

“किती वेळ लागला परत आणायला?” तिने विचारलं.

“चाळीस मिनिटं.”

“नऊ तास,” रेणू म्हणाली. “आणि ती आमच्या टीममधल्या त्रिवेणीने आणली, मला शिव्या घालत. मी जिन्यात बसून रडत होते. विवेक, ती चूक माझी आहे.”

विवेकचं इंग्रजी तिथेच संपलं. तो कान चोळत म्हणाला, “क्या करूं मॅडम, मेरेकू इतनी बडी गलती करने का मौकाच नै मिला.”

“हेच सांगितलं असतंस तर मी गुण दिले असते,” रेणू म्हणाली, आणि तिला हसू आवरेना. विवेकही ओशाळून हसला, बॅग उचलून गेला.

दार लागलं. रेणूचं हसू ओसरलं. प्रमोद अजून लिहीतच होते.

“सर, शुक्रवारी हे बैठकीत निघेल?”

“निघेल म्हणजे? मीच काढणार.” त्यांनी वही मिटली. प्रमोद मूळचे पुण्याचे, दोघंच असले की मराठीत बोलायचे. “अगं, त्या कंपनीतून येणारा प्रत्येक जण हीच चूक आपली म्हणून सांगतो. यंदा मी ती चौथ्यांदा ऐकली. करणारी मात्र आज पहिल्यांदा भेटली.”