पोटमाळ्यावरचं बाळ

"नाव काय?" नाझींच्या छळातून वाचलेल्या ज्यूंच्या संघटनेत नोंदी घेणाऱ्या तमाराने तिसऱ्यांदा विचारलं. गावातल्या मारल्या गेलेल्यांची नावं दगडावर कोरायची होती. यादी आज बंद होणार होती.

"माझी बहीण. चार महिन्यांची," मेंडेल पुन्हा म्हणाला. "आम्ही पोटमाळ्यावर लपलो होतो, तिथेच ती जन्मली. सुटलो की नाव ठेवू, आई म्हणायची. मग सैनिक आले. मी एकटाच वाचलो."

"पण आजोबा, नावाशिवाय दगडावर काय कोरणार?"

मेंडेलने टेबलाची कड घट्ट धरली. नव्वदी जवळ आली होती. ते बाळ पाहिलेला जगात तो एकटाच उरला होता. तो गेला की ती कधी जन्मलीच नव्हती असं होणार होतं. "कसंही करून लिहून घे गं," तो गयावया करू लागला.

"मग तुम्हीच ठेवा ना नाव," तमारा हळूच म्हणाली.

ऐंशी वर्षांत त्याला हे सुचलं नव्हतं. तो हुंदका आवरत म्हणाला, "आपल्यात गेलेल्या माणसाचं नाव बाळाला देतात. आईचं देता येईल आता. लिही, फ्रूमा."