हाताचा गुण

निकितानं स्वतःच्या पैशांनी घेतलेली गाडी नेमकी नव्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी सुरू होईना. "माझा रवी चालवतो तेव्हा कशी पळती! हिच्या हातालाच गुण नाय," सासूबाईंनी अख्ख्या इंदिरानगरला ऐकू जाईल असं सुनावलं. रवी मोबाइलमध्ये डोकं खुपसून उभा राहिला. निकितानं बोलावलेल्या मेकॅनिकनं स्कॅनर लावला. "स्टार्टरपर्यंत करंटच पोचत नाही, मॅडम." बॉनेटखाली हात घालताच त्यानं नाक मुरडलं. फ्यूजबॉक्सवर चिंधीत बांधलेलं लिंबू सडलं होतं आणि रस आत झिरपून पिना गंजून हिरव्या पडल्या होत्या. चिंधी निकिताच्या हरवलेल्या ओढणीची होती. "दसऱ्याच्या पूजेला मीच बांधलं," सासूबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "हिची नजर गाडीला लागू नये म्हणून." निकितानं लिंबू उचलून त्यांच्या हातावर ठेवलं. "पुढच्या वेळी माझ्याच गळ्यात बांधा, आई. मी काही वायर नाही गंजायला."