कंबरभर पाणी

"बिनधास्त उतरा, कंबरभरच पाणी आहे," सुगंधा म्हणाली. खाडीतल्या या वाळूच्या पट्ट्यावर ती बारा वर्षं पर्यटकांना कयाकमधून आणत होती. एकट्याने आलेल्या तरुणाने फोटोसाठी लाइफजॅकेट काढलं, पाय खाली सोडले आणि तो दिसेनासा झाला.

सुगंधाने सूर मारला, पण तळ लागेना. वाळू उपसणाऱ्यांनी गेल्या चार दिवसांत तिथे दोन पुरुष खोल खड्डा केला होता. वरून काहीच कळत नव्हतं. तो हाताला लागला, तेव्हा अंगात धुगधुगी उरली नव्हती.

काठावर सुगंधाचे सासरे तिच्या कानाशी कुजबुजले, "पोलिसांका सांग, तो आपणच उतारलो. ऐकूक दुसरां कोण होतां?"

"मीच त्यांना उतरा म्हटलं," सुगंधाने हवालदाराला सांगितलं. "आता तिथली वाळू कोण काढतं, तेही लिहा."

हवालदाराने पेनाला टोपण लावलं.