गंजाचे ओघळ

"आप्पा, युद्धातलं घड्याळ आणलंय तुमच्यासाठी! नक्कल आहे, पण अगदी हुबेहूब," म्हणत जावयाने ते भिंतीवर टांगलं. "अस्सल घड्याळ संग्रहालयात आहे. त्यावरचे गंजाचे ओघळसुद्धा जसेच्या तसे उतरवलेत."

सुभेदार आप्पा काठी टेकत जवळ गेले. पांढऱ्या तबकडीवर चावीचं भोक होतं आणि भोकापासून खाली तीन तपकिरी ओघळ.

बंकरात पहाऱ्यावर येणाऱ्याने आधी घड्याळाला चावी द्यायची, असा त्यांच्या पलटणीचा रिवाज. एके दिवशी त्यांचा जोडीदार भैरू चावी देत असतानाच तोफेचा गोळा पडला. आप्पा धुरातून धावले, तेव्हा भैरूची रक्ताळलेली बोटं तबकडीवरून खाली घसरत होती.

आप्पांनी धोतराचा सोगा थुंकीने ओला केला आणि ओघळ पुसायला घेतले. तेव्हाही असेच पुसले होते, गेले नव्हते.

"अहो, ते जायचे नाहीत," जावई हसला. "छापलेलेच आहेत. प्रत्येक घड्याळावर असतात."

आप्पांचा हात थांबला.

"म्हंजी पाव्हणं, घराघरांत टांगलंय म्हणा की आमच्या भैरूला."