पुस्तकाबाहेरचा प्रश्न

“पुन्हा तूच!” विभागप्रमुखांनी आलेखाचा कागद तिच्यापुढे टाकला. “शिंकाबाई, कमाल झाली तुमची.”

पलीकडच्या टेबलावरच्या दोघी फिदीफिदी हसल्या. हे नाव तिला नोकरीच्या पहिल्याच महिन्यात चिकटलं होतं. मास्क खाली सरकलेला असताना ती एका नमुन्यावर शिंकली आणि तपासणीत चोराऐवजी तिचाच डीएनए निघाला. अशी गफलत लगेच पकडता यावी म्हणून प्रयोगशाळेतल्या प्रत्येकाचा, अगदी फरशी पुसणाऱ्या मावशींचाही, डीएनए संगणकात भरून ठेवलेला असतो. कोणाशी काही जुळलं की लाल पट्टी उमटते. आज ती तिच्या नावासमोर उमटली होती.

“आता मात्र मला पाठीशी घालता येणार नाही,” साहेब आवाज खाली आणून म्हणाले. माणूस मनाने वाईट नव्हता. “तू अजून कायम झालेली नाहीस. माझी चूक झाली म्हण. नमुना बाद करू, फाइल परत कपाटात जाईल. नोकरी जाईल, पण पुढची चौकशी तरी टळेल. तशी केसही जुनी आहे. कोण वाट बघत बसलंय?”

केस एका नर्सच्या खुनाची होती. नदीच्या काठाशी, अर्धी पाण्यात सापडली होती ती. कोणी मारलं ते कधीच कळलं नाही. तिची कापून ठेवलेली नखं एका पाकिटात पडून राहिली आणि नव्या तंत्राने तपासायला आता हिच्याकडे आली. नखांखालचा मळ चिमूटभरसुद्धा नव्हता. होता तेवढा ह्या तपासणीत संपला. पुन्हा करून बघायची सोय नव्हती.

तिने कागद उचलला. आधी तिला नोकरीचीच काळजी वाटली. मग तिने आलेख नीट पाहिला. ती शिंकली असती, तर तिच्या डीएनएच्या सगळ्या खुणा उमटल्या असत्या. इथे प्रत्येक जागी दोन खुणांपैकी एक तिची होती आणि दुसरी परकी. एखाददुसऱ्या जागी नव्हे, झाडून सगळीकडे. शिवाय नमुना पुरुषाचा होता. साहेब घाईत होते, लाल पट्टीच्या पुढे त्यांनी पाहिलंच नव्हतं. पण माणूस आपल्यातलं निम्मं पोराला देतो, हे पहिल्या वर्षाच्या मुलांनाही शिकवतात. तिला भाऊ नव्हता, मूल नव्हतं. होते ते एकटे बाबा.

तिच्या काळजात धस्स झालं, पण क्षणभरच. बाबा त्या नर्सच्याच हॉस्पिटलच्या अ‍ॅम्ब्युलन्सवर ड्रायव्हर होते की! तिला नदीवरून त्यांनीच तर उचलून आणलं होतं. त्या दिवशी घरी येऊन जेवलेसुद्धा नव्हते. उचलताना हाताला नख लागलं असेल, दुसरं काय? तिचा जीव भांड्यात पडला. स्वतःच्या बापावर संशय घेतला म्हणून तिला स्वतःचीच लाज वाटली.

आईविना पोर बाबांनी एकट्याने वाढवली होती. तिच्या वेण्या घातल्या, तापात उशाशी बसून राहिले. तिला चित्रकला शिकायची होती, पण हाच विषय घे म्हणून तेच हात धुऊन मागे लागले. परीक्षेच्या दिवसांत नाकाच्या शेंड्यावर चष्मा आणि हातात तिचं पुस्तक घेऊन ते उजळणी घ्यायचे. जड शब्दांशी अडखळायचे, मग बापलेक हसत सुटायचे. अशा माणसाला म्हातारपणी पोलिसांच्या दारात उभं करायचं? कशासाठी? त्यापेक्षा आपण शिंकाबाई म्हणून घरी बसलेलं बरं. नोकरी काय, दुसरी मिळेल.

हो म्हणायला तिने तोंड उघडलं, तेवढ्यात साहेबच बोलले.

“मला तर आधीच शंका होती,” ते बाकीचे कागद गोळा करत म्हणाले. “नखात अडकलेलं काही इतकी वर्षं टिकतं का? तूच सांग बरं.”

“कोरडं ठेवलं असलं की टिकतं,” तिच्या तोंडून आपोआप निघालं. “आधी पाण्यात भिजलेलं असलं, तरी थोडंफार राहतंच.”

वर्गात ऐकलेलं, घोटून पाठ केलेलं उत्तर. हेच उत्तर तिने आधीही एकदा दिलं होतं. अशाच प्रश्नाला.

बाबांनी पुस्तकाचं पान उलटलं होतं आणि मान वर न करता विचारलं होतं, “नखात अडकलेलं किती वर्षं टिकतं गं? आणि बाई पाण्यात पडलेली असली तर?” तिने एका दमात सांगून टाकलं. एरवी बाबा शाबास म्हणायचे. त्या दिवशी त्यांनी नुसतं पुस्तक मिटलं. त्यानंतर उजळणी कायमची बंद झाली. आपलं आता सगळं पाठ झालं, अशी तिने समजूत करून घेतली होती. परीक्षेआधी तो प्रश्न पुन्हा बघावा म्हणून तिने अख्खं पुस्तक चाळलं. तो त्यात नव्हताच. तेव्हा ती हसली होती. म्हाताऱ्याने पदरचं काहीतरी विचारलं म्हणून.

नुसतं उचलून आणणाऱ्या माणसाला नखांची काळजी कशाला पडेल?

“मग?” साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. “तुझी चूक, असंच लिहू ना?”

तिने कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि खुणांच्या पहिल्या जोडीवर बोट टेकवलं.

“मी चुकले नाही, सर,” ती म्हणाली. “हा माणूस माझ्या घरी राहतो.”