झारुकांची रीत

"मनगटच ठेचतो तिचं!" हंबीररावांनी हॉकी स्टिक कॉटवर आपटली. "माझ्या झारुकांना बांगड्या भरल्या बयेनं!"

तानाबाई पाट्यावर खर्डा वाटत होत्या. "जेवून तरी जावा."

टीव्हीवरच्या परग्रहाच्या मालिकेवर हंबीररावांनी सात कादंबऱ्या लिहिल्या होत्या. टाइप तानाबाईच करून देत. त्यांतली झारुक ही लढाऊ जमात म्हणजे नुसती कापाकापी. हरलेल्याला गुडघ्यावर बसवायचं, त्याचं उजवं मनगट ठेचायचं आणि हसायचं. शिवाजी पेठेतली पोरं त्या पानांवर शिट्ट्या मारत.

मग कुणा अनुजानं आठवी लिहिली. तिला कुणी पाहिलं नव्हतं. तिचे झारुकही मनगट ठेचत, पण लढाईआधी, जिवाच्या माणसाचं. थोट्याला लढाईला नेत नाहीत, म्हणून.

गेल्या रविवारी दोघांचे वाचक पुस्तकाच्या दुकानात भिडले. एकाच्या कपाळाला नऊ टाके पडले, दुसऱ्याचा दात कपाटाखाली सापडला. आज पाच वाजता अनुजा पहिल्यांदाच लोकांपुढं येणार होती. तालमीतली वीस पोरं काठ्या घेऊन कोपऱ्यावर थांबली होती.

"जीव जाईल कुणाचा तरी," तानाबाई म्हणाल्या.

"जाऊ दे की! पयला घाव माझा."

"आन् तुमी गेलाच न्हाईसा तर?"

"माझ्याबिगर पोरं हलतील व्हय?" त्यांनी बायकोकडं पाहिलं. "नवी इरकल कशाला नेसलीस?"

"जायचंय एके ठिकाणी. जरा मीठ बघा की."

हे रोजचंच होतं. रोजच्यासारखाच त्यांनी उजवा हात पाट्यावर नेला, बोट खर्ड्यात बुडवलं.

वरवंटा खाली आला. हाड कडकन वाजलं. हंबीरराव गुडघ्यावर बसले.

तानाबाईंनी डोळे पुसत धुतल्या फडक्यानं मनगट बांधलं. मग कोपऱ्यावरच्या पोरांना फोन लावला. "पृथ्वीराज, सायबांचा हात मोडलाय बाबा. काठ्या टाका, गाडी आणा. दवाखान्यात सगळीच जावा."

"माझ्या पुस्तकातलं केलंस," हंबीरराव विव्हळले, "का तिच्या?"

"आठव्यातलं."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

"तू येत न्हाईस?"

तानाबाईंनी आरशात बघून कुंकू नीट केलं.

"सहाला येते की. पाचाला अनुजाला स्टेजवर बसायचंय."